तात्याचं हसू, बन्सीचा पाय

देवगाव रंगारी
१८ जानेवारी १९७९

चि. बद्रीनाथ यास,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहिलाय असं समजून घे, माझ्या हातून आज उमटत नाही.

तुझा बाप संक्रांतीला माझ्या घरी आला होता. तुमचा सालदार पुंजाराम त्याला एस.टी.ने घेऊन आला. तू आला नाहीस. तेव्हा काय घडलं ते मीच कळवतो, नाहीतर पुंजाराम गूळ लावून सांगायचा.

वैशाखापासून आठ महिने आम्हा दोघा सख्ख्या भावांत पाणी बंद आहे. त्याने माझ्या घरचं प्यायचं नाही, मी त्याच्या घरचं. आपल्याकडे वैर धरलं की पाणी सोडतात आणि वैर मिटवायचं असलं की आधी तांब्या पुढे करतात. पाणी का बंद झालं हे तर साऱ्या देवगावला ठाऊक आहे. माझ्या पाळीच्या मंगळवारी तात्याने पहाटे इंजिन लावून सामाईक विहीर उपसली, आणि सकाळी माझ्या बन्सीने भरली विहीर समजून सूर मारला. मान मोडली. बावीस वर्षांचा गडी छातीपासून खाली मेल्यासारखा पडून आहे. खांदे उचलतो, कोपर वाकवतो, पण बोटांनी भाकरीचा तुकडा धरता येत नाही. लघवीला नळी आहे. दर दोन तासांनी आम्ही नवराबायको त्याला कुशीवर करतो, नाहीतर पाठ सडते.

तरीही सरूबाई म्हणाली, "थोरलं दीर दारात आलंय, आता पुरं करा." तिचं ऐकलं ही माझी चूक. बन्सीच्या खाटेपाशी तात्याला बसवलं आणि माझ्या हाताने तांब्या दिला. म्हणालो, "तात्या, पाणी घे."

त्याने घोट घेतला. बन्सीकडे पाहिलं. आणि हसला. गालातल्या गालात नव्हे, खदाखदा. तोंडातलं पाणी नाकातोंडातून बन्सीच्या उघड्या पायांवर उडालं. सरूबाई पायांना तेल लावत होती, तिच्या अंगावर उडालं. तरी थांबेना. पुंजारामाने त्याला बाहेर नेलं तर ओट्यावरून हसणं ऐकू येत होतं. शेजारीपाजारी जमले. माझ्या पोराची दशा करून, माझ्याच घरचं पाणी थुंकून तुझा बाप हसला.

पण देव जागा आहे. तो हसत असतानाच बन्सीचा डावा पाय उसळला. याआधी कधी बारीक चाळवला असेल, पण असा गुडघ्यातून वर उठला नव्हता. सगळ्यांनी पाहिलं. मी त्याच दिवशी भद्रा मारुतीला नवस बोललो. तो निजलेला देव आहे, निजलेल्याचं दुखणं त्यालाच कळणार. बन्सी उभा राहिला की खुलताबादपर्यंत अनवाणी जाईन.

तात्याला सांग, माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मेला तरी कळवू नका. मी खांदा द्यायला येणार नाही, हे दस्तुरखुद्द लिहून देतो.

काकासाहेब


औरंगाबाद
२६ जानेवारी १९७९

ती. काका यांस, बद्रीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र मिळाले. मजकूर समजला.

मला सुट्टी नव्हती म्हणून येता आले नाही. जिल्हा परिषदेत साहेब संक्रांतीची वेगळी सुट्टी देत नाहीत.

तात्यांना मी विचारले. ते उत्तर देत नाहीत. दिले तरी कळत नाही. तोंडात गरम घास धरून बोलावे तसे बोलतात आणि शब्द नाकातून येतात. दिवाळीत इथे माझ्याकडे असताना चक्कर येऊन पडले आणि दोन दिवसांनी उठून बसले, तेव्हापासून हे असे आहे. चहाचा घोट घेतला की ठसका लागतो. एक भाकरी खायला तास लावतात, लाळ गळते, आणि मी काही म्हणालो की माझ्याकडे बघत राहतात. शेजारचे गृहस्थ वारले. मी बातमी सांगितली, तर हसले. हापिसातला शिपाई दार वाजवून आत आला, तर हुंदके देऊन रडले. त्याला वाटले घरात कुणी गेले. माझ्या मते हे म्हातारपणाचे चाळे आहेत आणि थोडा हट्टही आहे. मी त्यांच्यावर ओरडतो. लोकांसमोर मलाच मान खाली घालावी लागते. तेव्हा त्या हसण्याचा अर्थ आपण मला विचारू नये.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहितो. तात्यांनी इंजिन लावल्याचे चार माणसांत कबूल केले आहे. तेच तेच किती वेळा वदवून घेणार? विहिरीत उडी मारणाऱ्याने आधी खाली पाहावे, एवढे शेळीलाही कळते. बन्सीला डोळे होते. त्याने पाहिले नाही. त्याचा दोष एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर आयुष्यभर ठेवायचा, हा कुठला न्याय?

तात्या पुन्हा आपल्या दारात येणार नाहीत, याची मी काळजी घेईन. काकूंना नमस्कार. बन्सीला आशीर्वाद.

आपला,
बद्रीनाथ


देवगाव रंगारी
५ फेब्रुवारी १९७९

बद्रीनाथ,

तुझं पत्र आलं की हापिसातली नोटीस आली हे कळायला दोनदा वाचावं लागलं. मी निजामाच्या शाळेत उर्दूची चार बुकं शिकलेला माणूस, मराठी अक्षर मागाहून गिरवलं. पण तुझ्याइतकं गुळगुळीत खोटं मला कुठल्याच लिपीत जमत नाही.

बन्सीने खाली का पाहिलं नाही ते ऐक. शहरात राहून विसरला असशील.

त्या विहिरीची पाळी तुझ्या आजोबाने लावून दिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार तात्याचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझा. रविवारी विहिरीला विसावा. पोलिस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या भीतीने मी बायकामाणसांना घेऊन घाट उतरून चाळीसगावला गेलो. तात्या एकटा रानात राहिला. चार महिन्यांनी परत आलो तर माझं मिरचीचं रान वाळून कोळसा झालेलं, त्याचं निम्मं जळालेलं, आणि विहिरीत पाणी. माझ्या तीन दिवसांना त्याने मोट जुंपली नव्हती. मी म्हणालो, "आरं येड्या, म्या इथं नव्हतो. उपसायची व्हती की." तो म्हणाला, "पाळी तुही व्हती."

अशा घरातला पोरगा मंगळवारी सकाळी विहिरीत वाकून बघत नाही. सोमवारी दिवे लागायला तात्याचं इंजिन बंद होतं, सकाळपर्यंत झरे विहीर पुरुषभर भरतात. त्यात पाहायचं काय? सकाळी आत ऊन पोचत नाही, पाणी मांडीएवढं असो की पुरुषभर, वरून काळंच दिसतं. बन्सी लहानपणापासून मंगळवारी सूर मारत आला. त्याने विहिरीवर नाही, चुलत्यावर विश्वास टाकला. शेळीला हे कळत नाही. तुलाही कळू नये याचं नवल वाटलं.

आणि ज्या माणसाने रझाकारीत पाळी मोडली नाही त्याने भरल्या घरात ती का मोडली, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, "लावलं म्या इंजिन. काय करायचंय ते कर." त्या मग्रुरीचाच मला जास्त राग आहे.

बन्सी म्हणतो, "आण्णा, तात्या हसत व्हते पर त्यांचे डोळे रडत व्हते. म्या खालून बघितलंय." मी म्हणालो, गप पड. तो मनाने मऊ आहे, आईवर गेलाय.

पाय आता रोज उसळतो. गोधडी ओढली की उसळतो, कूस बदलली की उसळतो. कधी दोन्ही पाय ताठ होऊन थरथरतात, खाट हलते. सरूबाई दृष्ट काढते. पुढच्या संक्रांतीला बन्सी स्वतःच्या पायांनी तुझ्या दारात येईल आणि तुझ्या बापाला म्हणेल, हस आता. त्या दिवसासाठी मी जगतोय. तू तुझी फाईल सांभाळ.

काकासाहेब


औरंगाबाद
२३ फेब्रुवारी १९७९

ती. काका यांस, नमस्कार.

गेल्या आठवड्यात ताक पिताना तात्यांचा श्वास कोंडला. ओठ काळेनिळे पडले. त्यांना रिक्षात घालून घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेले. आठ दिवस तिथे काढून काल घरी आलो. बन्सीला दोन महिने ज्या तरुण डॉक्टरांनी पाहिले तेच भेटले. त्यांनी तात्यांना नीट तपासले आणि मी शेजारी उभा राहून पाहिले, म्हणून लिहितो.

जीभ बाहेर काढायला सांगितली. ती दातांपुढे आली नाही. हनुवटीवर आपले बोट ठेवून त्यावर लहान हातोडी मारली, तर तात्यांचा जबडा उंदराच्या सापळ्यासारखा खटकन मिटला. तळपायावरून किल्ली ओढली, तर अंगठा वर उठला. मग डॉक्टरांनी नुसती दोन बोटे त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. तात्या हसू लागले. हसता हसता रडू लागले. सगळा वॉर्ड बघत होता. डॉक्टरांनी खाली बसून विचारले, "बाबा, आतून हसू येतंय का?" तात्यांनी मान हलवली, नाही. "रडू येतंय?" नाही. "लाज वाटते?" तेव्हा तात्यांनी त्यांचा हात धरला आणि होय म्हणाले.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तीन महिने मी या माणसावर ओरडत होतो.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतून तोंडाकडे, जिभेकडे, घशाकडे दोन बाजूंनी हुकूम येतो. एक कासरा तुटला तरी दुसऱ्यावर बैल सांभाळता येतो. तात्यांचा एक कासरा दोन वर्षांपूर्वीच तुटला होता. तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. आपण सगळे वाताचे दुखणे म्हणालो आणि लेप लावला, पण त्या मुठीत पुन्हा जोर आलाच नाही. अजून तांब्यासुद्धा डाव्या हाताने उचलतात. दुसरा कासरा दिवाळीत तुटला. आता हसू आणि रडू आपापले येते, आणि पातळ पाणी घशाखाली न जाता नाकात चढते. आपला तांब्या तात्यांनी थुंकला नाही. त्यांना तो गिळता आला नाही.

आता दुसरे. हे लिहू नये असे बायको म्हणते. पण आपण मला शेळी म्हणालात, खोटारडा म्हणालात, म्हणून लिहितो.

डॉक्टरांनी बन्सीची चौकशी केली. पाय उसळतो हे मी सांगितले. ते म्हणाले, त्याचा कासरा मानेत तुटला आहे. मानेच्या वरचे शाबूत, म्हणून तो आपल्यासारखा बोलतो, गिळतो, हसतो. खालचे पाय मात्र आता कुणाचेच ऐकत नाहीत. गार पाणी पडले, गोधडी घासली, नळी तुंबली, तरी ते उसळणार. त्यात बन्सीचे मन नाही. त्याच्या तळपायावरून किल्ली ओढली तर तात्यांसारखाच अंगठा वर येतो. संक्रांतीला देव जागा झाला नव्हता, काका. तात्यांच्या तोंडातले गार पाणी बन्सीच्या पायावर पडले होते.

डॉक्टर असेही म्हणाले, "काकांना मी घरी जाताना हे सगळं सांगितलं होतं." आपण ते आम्हाला कळवले नाही. काकूंना तरी सांगितलेत का?

तेव्हा आपल्या सोयीचे तेवढे खरे, असे चालणार नाही. तात्यांचे हसू तात्यांचेच धरायचे असेल तर बन्सीचा पायही बन्सीचाच धरा आणि अनवाणी जायची तयारी करत बसा. नाहीतर दोन्ही सोडा.

तात्या रोज "पाणी" म्हणतात. आम्ही दिले की मान फिरवतात. दोन दिवसांनी कळले, त्यांना देवगावचे पाणी म्हणायचे आहे. तेवढ्यावर त्यांचा जीव अडकला आहे. आपल्याला पटेल ते करा.

बद्रीनाथ


देवगाव रंगारी
४ एप्रिल १९७९

बद्रीनाथ,

तुझं पत्र येऊन चाळीस दिवस झाले. पहिले आठ दिवस ते आढ्याला खोचून ठेवलं. नवव्या दिवशी सरूबाई मळ्यात गेली तेव्हा मी रांजणातलं गार पाणी तांब्यात घेतलं आणि बन्सीला म्हणालो, डोळे मीट.

पायावर ओतलं. पाय उसळला. विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काय व्हायचंय? तुमी अजून काय केलंच नाय." परत ओतलं, परत उसळला. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा त्याने डोळे न उघडताच विचारलं, "आण्णा, रडताय व्हय?"

मग म्हणाला, "मला पयल्या दिवसापासून ठावं हाय. पाय माह्या मनानं हलत नाय. तुमी अन आई लई खुश व्हता, म्हणून बोललो नाय."

डॉक्टरने मला सांगितलं होतं, हे खरं आहे. सरूबाईच्या काळजीने लपवलं असं म्हणायला बरं वाटतं. पण ऐकायचं मलाच नव्हतं. आता तिलाही सांगितलं. तिने दोन दिवस चूल पेटवली नाही, तिसऱ्या दिवशी उठून पायांना तेल लावायला बसली. खुलताबादला मी जाऊन आलो, अनवाणीच. देवाला सांगितलं, नवस माघारी घेतो, माझंच मागणं चुकलं.

तू ते पत्र मला शहाणं करायला लिहिलं नव्हतंस, रडवायला लिहिलं होतंस. रडवलंस. पण दुसऱ्याला दुखवायच्या नादात माणूस गरजेपेक्षा जास्त लिहून जातो.

तू लिहितोस, दोन वर्षांपूर्वी तात्याचा उजवा हात गेला आणि त्या मुठीत पुन्हा जोर आला नाही. मला हे माहीत नव्हतं. उतरलं दुखणं, असं तो म्हणाला होता. हात बंडीच्या खिशात घालून फिरायचा, मी म्हणायचो म्हातारपणी ऐट सुचली. बन्सी पडला तो गेल्या वैशाखात. तेव्हा तो हात मेलेलाच होता.

तुमचं इंजिन हँडल मारून चालू होतं. धडधाकट गडीसुद्धा दोन्ही पाय रोवून ते फिरवतो, आणि उलटं फिरलं तर मनगट मोडतं. तांब्या न उचलणारा हात ते फिरवणार नाही. पुंजाराम त्या आठवड्यात लेकीकडे करमाडला होता. बन्सी घरात होता, मी घरात होतो.

तू सोमवारीच औरंगाबादला गेलास असं तात्या सगळ्यांना सांगत होता. कुणी विचारलेलं नसताना सांगत होता.

मंगळवारी पहाटे हँडल कुणी मारलं? या पत्राला उत्तर एवढंच लिही. नमस्कार लिहू नकोस.

काकासाहेब


औरंगाबाद
१२ एप्रिल १९७९

काका,

मी मारले.

त्या उन्हाळ्यात मोसंबीची दीडशे रोपे लावली होती. रजा संपत आली होती आणि सोमवारी दिवसभर पाणी देऊनही शेवटच्या चार ओळी कोरड्या राहिल्या. पाने गळायला लागली होती. मंगळवारी सातची गाडी होती. पहाटे उठलो, विहिरीवर गेलो, म्हटले अर्ध्या तासात भिजतील, कुणाला कळणारही नाही. पाट मध्येच फुटला होता, ते माझ्या लक्षात आले नाही. पाणी बांधाबाहेर जात राहिले आणि इंजिन दोन तास चालले.

आवाज ऐकून तात्या आले. म्हणाले, "आज काकाची पाळी हाय. बंद कर." मी म्हणालो, पाच मिनिटे. ते इंजिनाकडे गेले, तेव्हा मी त्यांना धरून बाजूला सारले. ते बांधावर बसले आणि इंजिन बंद होईपर्यंत उठले नाहीत. मी पिशवी घेऊन गाडीला गेलो. बन्सी विहिरीवर आला तेव्हा मी खुलताबादच्या पुढे होतो.

संध्याकाळी बन्सीला घाटीत आणल्याचे कळून धावत आलो. व्हरांड्यात तात्यांनी मला गाठले. म्हणाले, "इंजिन म्या लावलं. तू सोमवारीच गेला व्हतास. काका माह्यावर चिडंल, म्हाताऱ्यावर किती दिस चिडणार? तुह्यावर चिडला तर दोन घरं पिढ्यान् पिढ्या तुटतील." मी मान हलवली. मला तेवढेच हवे होते.

बन्सीसमोर उभे राहायची छाती नाही, म्हणून मी आजवर देवगावला आलो नाही. सुट्टी होती. खाली पाहायला हवे होते असे मी त्याच्याबद्दल लिहिले. ते लिहिताना माझा हात कापला नाही, याचे आता भय वाटते.

आता तात्या काही सांगू शकत नाहीत, आणि मी सांगितले नसते तर खोटे त्यांच्याबरोबर गेले असते. मला वाटते, संक्रांतीला ते आपल्याला खरे सांगायलाच आले असावेत. की नुसते पाणी प्यायला, देव जाणे.

त्यांना एकदा आपल्या दारात घ्या. साधे पाणी देऊ नका, ते फुप्फुसात जाते. घट्ट काहीतरी चमच्याने, हनुवटी छातीला टेकवून, एका वेळी थोडेसे. हसले तर थांबायचे, हसू ओसरले की पुढचा चमचा.

माझ्यासाठी काही मागत नाही. मागितले तर मिळेल का, तेवढे कळवा.

बद्रीनाथ


देवगाव रंगारी
मंगळवार, १५ मे १९७९

बद्रीनाथ,

शुक्रवारी तू हापिसात गेल्यावर मी तुझ्या घरी आलो होतो, हे सूनबाईने सांगितलंच असेल. तिने पाणी पुढे केलं. तिचा काही गुन्हा नाही, पण मी ते घेतलं नाही. तात्याला घेऊन आलो. तो आता इथंच राहील. सरूबाईने त्याची खाट बन्सीच्या खाटेला लावून टाकली आहे. एकाला कूस बदलायला दोन माणसं लागतात, दुसऱ्याला भरवायला एक. पुंजाराम असतो.

आज वर्ष झालं. सकाळी मी विहिरीवर जाऊन घागर भरून आणली. तुझा डॉक्टर पातळ देऊ नका म्हणतो, म्हणून सरूबाईने त्या पाण्यात ज्वारीचं पीठ कालवून घट्ट आंबील शिजवली. निववली. मी तात्याची हनुवटी खाली धरली आणि चमचा लावला. त्याला कळलं. डावा हात त्याने माझ्या मनगटावर ठेवला आणि गिळलं. दुसरा चमचा गिळला. तिसऱ्याला हसू फुटलं, तसंच, खदाखदा. थोडी आंबील माझ्या सदऱ्यावर आली.

मी थांबलो. हसू ओसरेपर्यंत चमचा हातात धरून बसलो. बन्सी म्हणाला, "तात्या, लई गोड झालीय का?" आणि तोही हसला. त्याचं हसू त्याचं स्वतःचं होतं. तेवढ्यात त्याचे पाय उसळले, खाटेला खाट लागून तात्याची खाट हलली, तात्या परत सुरू झाला. सरूबाईने पदर तोंडाला लावला. सात चमचे गेले. पाणी सुटलं होतं ते परत लागलं. ज्या गुन्ह्यासाठी सोडलं होतं तो त्याने केलाच नव्हता, आणि मी वर्षभर माझ्या भावाला तहानलेला ठेवला. त्यापायी मला आयुष्यभर त्याची लाळ पुसायची आहे, आणि मी ती पुसणार आहे.

तुझी मोसंबी जगली आहे. तुमच्या पाळीच्या दिवशी पुंजाराम तिला पाणी देतो. मी मध्ये येत नाही. झाडांनी कुणाचं काही केलेलं नाही.

बन्सीला तुझं पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाला, "त्याला म्हणावं येऊन जा. म्या काय उठून मारणार हाय व्हय?" तो मऊ आहे, हे तुला मागेच लिहिलं होतं. मी मऊ नाही. तू येऊ नकोस. तात्या गेला तर तार करीन. तेव्हा ये, बापाला खांदा दे, आणि या गावचं पाणी न पिता सातच्या गाडीने परत जा.

मागितलं तर मिळेल का, असं तू विचारलंस. माफीसाठी मी जागा शोधून पाहिली. तात्याचं हसू त्याच्या ताब्यात नाही. बन्सीचा पाय त्याच्या ताब्यात नाही. हँडल मारणारा हात मात्र तुझ्या ताब्यात होता.

काकासाहेब